भोयरकाकांचं स्टँडबाय युनिट

परवा माझ्या मोपेडच्या कंपनीचा मेसेज आला. वॉरंटी संपत आली आहे, वाढवून घ्या. असले मेसेज मी वाचल्याबरोबर पुसून टाकते, पण हा पुसवला नाही. वॉरंटी म्हटलं की मला भोयरकाका आठवतात, आणि काकांना जाऊन आता वर्ष होईल.

खोटं कशाला बोलू, पहिल्या भेटीत हा माणूस मला मुळीच आवडला नव्हता. आम्ही नागपुरात हुडकेश्वरला राहायला आलो ते ऐन एप्रिलात. खोकी उघडायची होती, बाहेर ऊन नुसतं रणरणत होतं आणि कूलरची मोटर बंद. कुणीतरी म्हणालं, शेजारचे भोयर खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून रिटायर झालेत, ते बघून देतील. काका आले. खाकी शर्ट, आणि तेवढ्या उकाड्यातही पायात जाड कामाचे बूट. कूलरकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. आधी मीटर कुठे आहे ते विचारलं, घराचा मेन फ्यूज उपसून शर्टाच्या खिशात टाकला, खिशाचं बटन लावलं आणि मीटरच्या पेटीला लाल पुठ्ठ्याची एक चिठ्ठी अडकवली. ‘काम सुरू आहे. चालू करू नये. शे. भोयर.’ मग माझ्यासमोर कागद धरला. कूलर उघडायला माझी परवानगी आहे, असं मी लिहून द्यायचं होतं. मी वैतागून म्हटलं, काका, कूलर आहे हो हा, बॉयलर नाही.

“हात त हातच असते नं, ताई,” ते म्हणाले.

मोटर दहा मिनिटांत सुरू होण्यासारखी झाली. पण फ्यूज खिशात ठेवूनच काकांनी निवांत चहा घेतला, हत्यारं मोजून पिशवीत भरली, ‘काम पूर्ण, माणसं बाजूला’ असं माझ्याकडून लिहून घेतलं आणि मगच घरात वीज आली. तोवर मी घामाने निथळत होते आणि मनातल्या मनात त्यांना काय काय बोलत होते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

या फ्यूजचं कारण त्यांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. वीजकेंद्रात लागायच्या आधी, अगदी तरुणपणी, ते एका जिनिंगमध्ये कामाला होते. गुलाब नावाचा मित्र मशीनमध्ये हात घालून अडकलेला कापूस काढत होता. फ्यूज काढायचं काम शेषराव भोयरांचं होतं, ते त्यांनी केलं नाही. पलीकडून कुणीतरी बटन दाबलं आणि गुलाबची तीन बोटं गेली. पुढे वीजकेंद्रात परवानगीची, चिठ्ठीची, रजिस्टरची पद्धत पाहिली तेव्हा काकांचा जीव भांड्यात पडला. नोकरी संपली तरी ती पद्धत त्यांनी सोडली नाही. घरात मिक्सर धुवायचा असला तरी प्लग काढून खिडकीत ठेवायचा आणि त्याला चिठ्ठी लावायची. काकू होत्या तेव्हा त्या म्हणे या चिठ्ठ्यांनी चूल पेटवायच्या. मी राहायला आले तेव्हा काकू नव्हत्या.

“कसे आहात, काका?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं, “प्रेशर नॉर्मल.” सर्दी झाली तर “लिकेज हाय.” मुलगा निखिल फोन करायचा त्या दिवशी विचारावं लागायचंच नाही, स्वतःच फाटकाशी येऊन सांगायचे की लोड वाढला आज.

हा निखिल कंप्युटरमधला. चांगला, मनमिळाऊ पोरगा. त्याने हौसेने एक स्पोर्ट्स कार घेतली. दोन दारं, दोन माणसं, जमिनीला टेकलेली, गर्द लाल. आमच्या गल्लीत ती आली त्या दिवशी लोक बाळ बघायला यावे तसे येऊन गेले. आठ महिन्यांत निखिल आणि सूनबाई कॅनडाला गेले. दोन-तीन वर्षांत परत येतो म्हणाले, गाडी काकांच्या हवाली करून. काकांनी गाडीला पहिल्याच दिवशी नाव दिलं, स्टँडबाय युनिट.

म्हणजे काय, ते त्यांनी मला फाटकात उभं करून समजावलं. वीजकेंद्रात चालू पंपाच्या बाजूला एक राखीव पंप असतो. तो चालू नसतो, पण त्याला तसाच पडू द्यायचा नाही. ठरल्या दिवशी फिरवायचा, तेल बघायचं, आवाज ऐकायचा, वहीत लिहायचं. नाही तर गरज पडेल त्या दिवशी तो दगा देतो. “निखिल आला आन् गाडी सुरू नाई झाली, त मी काय थोबाड दाखवू त्याले?”

म्हणून दर गुरुवारी सकाळी काका गाडी काढत. शहर ओलांडून पारशिवनीच्या रस्त्याने जात. तिथून आत त्यांचं गाव, तिथे भाऊ शेती करतो. गावातला रस्ता असा की या गाडीचं पोट लागलंच पाहिजे. म्हणून फाट्यावरच थांबायचं, भावाने तिथे यायचं, दोघांनी डांबरी रस्त्याच्या कडेला उभ्याने गप्पा करायच्या आणि परत. वेग चाळीस. मी एकदा त्यांच्यासोबत गेले. गाडीत बसता येत नाही, अंग टाकावं लागतं. माझे गुडघे हनुवटीला आले. आणि मागून ट्रॅक्टरवाले हॉर्न मारतायत, आम्हाला ओलांडून जातायत, जाताना वाकून गाडीत बघतायत की आत कोण आजारी आहे. मी म्हटलं, काका, थोडी तरी पळवा. ते म्हणाले, टेस्ट रन असाच घ्यायचा असतो. मला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

घरी आल्यावर ते गाडीच्या बॅटरीची तार काढत. स्टिअरिंगला लाल चिठ्ठी लावत. पुढल्या गुरुवारी तार जोडायची, चिठ्ठी काढायची. जोडल्याची वेळ, काढल्याची वेळ, किलोमीटर, टायरची हवा, सगळं एका लांब रजिस्टरात. सर्व्हिसिंग कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये, एक दिवसही उशीर नाही. सर्व्हिसला नेतानासुद्धा तार जोडल्याची नोंद आधी, मग चावी.

गाडीला तीन वर्षं व्हायला आली तेव्हा कंपनीचं पत्र आलं. इंग्रजी म्हणून काका ते माझ्याकडे घेऊन आले. मी सरकारी कचेरीतली कारकून, असल्या पत्रांचं मला काही वाटत नाही. कंपनीची मूळ वॉरंटी महिनाअखेर संपणार होती. संपायच्या आत गाडीची तपासणी करून ती आणखी दोन वर्षं वाढवता येईल. तारीख गेली तर पुन्हा संधी नाही. आणि या गाडीचा एखादा भाग वॉरंटीशिवाय बदलायचा तर सामान्य माणसाने विचारही करू नये.

“वाढवाचीच हाय,” काका म्हणाले. “निखिल बोलला फोनवर. वॉरंटी वाढली त ठेवू म्हणे गाडी, नाई त विकून टाकू.”

एवढंच बोलून त्यांनी पत्राची घडी घातली, पण मला समजलं. गाडी ठेवायची म्हणजे ती चालवायला परत यायचं. दोन-तीन वर्षांचा वायदा संपत आला होता आणि येण्याची तारीख निखिल सांगत नव्हता. काकांच्या हिशेबी गाडी राहिली तर निखिल येणार, गेली तर नाही येणार. मला हा हिशेब भाबडा वाटला. पण त्यांच्या तोंडावर तसं म्हणण्याची हिंमत कुणाला होती?

तपासणीच्या दिवशी मी रजा टाकून सोबत गेले. काकांनी बूट चमकवले होते. शोरूममधल्या पोराने, म्हणजे चांगला पस्तिशीचा माणूस, पण टाय लावलेला, गाडीला कंप्युटर जोडला. टायर उत्तम, इंजिन उत्तम, सर्व्हिसिंग वेळेवर. तो खूश, काका खूश. मग त्याने स्क्रीनकडे बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला. आम्हाला बसवून तो आत गेला, साहेबाला घेऊन आला. साहेबांनी काकांना आपादमस्तक न्याहाळलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, ही गाडी रेसिंगला वापरता का?

मला आधी वाटलं, माझ्या ऐकण्यातच काही घोळ आहे. मग त्यांनी समजावलं. गाडीच्या मेंदूची, म्हणजे तिच्या आतल्या कंप्युटरची, वीज तीन वर्षांत शंभराच्या वर वेळा तोडली गेली होती, दर वेळी कित्येक दिवस. काही शौकीन लोक इंजिनची ताकद वाढवायला मेंदूतला प्रोग्राम बदलतात, गाडी वाटेल तशी पळवतात आणि तपासणीआधी पुन्हा होता तसा करून ठेवतात. असं करताना वीज तोडलेली असते. अशा गाडीला कंपनी वॉरंटी वाढवून देत नाही. मुंबईला रिपोर्ट जाईल, तो नकाराचाच असेल.

अहो, चाळीसच्या वर ज्या माणसाने काटा जाऊ दिला नाही, ट्रॅक्टरवाल्यांनी ज्याची कीव केली, त्याच्यावर रेसिंगचा आळ! मला हसू फुटलं. काकांकडे बघितलं आणि माझं हसू तिथेच विरलं. ते पांढरेफटक पडले होते. त्यांनी हात जोडले नाहीत की आवाज चढवला नाही. खुर्चीच्या कडेला बसून ते हळूच एवढंच म्हणाले, “मी त तिले सांभाळून राहिलो होतो, साहेब.”

परतताना त्यांनी गाडी चाळीसवरही नेली नाही. ज्या सवयीने त्यांनी आयुष्यभर माणसांचे हात वाचवले, त्याच सवयीने मुलाची वाट बंद केली असं त्यांना वाटत होतं. घरी पोचून गाडी शेडमध्ये लावली. तार काढायला बोनेट उघडलं आणि हातात पाना घेऊन तसेच उभे राहिले. काढावी तरी पाप, न काढावी तरी पाप. माझ्याने ते बघवेना. मी खेकसलेच त्यांच्यावर, काका, आधी ते रजिस्टर आणा इकडे.

मला कचेरीत एकच गोष्ट येते, कागदाला कागद भिडवणं. कंपनीच्या यंत्राकडे वीज तुटल्याच्या तारखा आणि वेळा होत्या. काकांच्या रजिस्टरातही होत्या. त्या एकमेकींना जुळल्या तर वीज कुणी, का आणि कशासाठी तोडली ते दिसेल. टायवाल्या माणसाला मी फोन करून यादी मागितली. त्याने आढेवेढे न घेता पाठवली, देव त्याचं भलं करो. मग पाच संध्याकाळी आम्ही काकांच्या ओट्यावर बसलो. काका मराठीतून वाचत, मी इंग्रजीत उतरवत असे. वेळा जुळत होत्या. कुठे तीन मिनिटांचा फरक, कुठे चारचा. एक फरक वीस मिनिटांचा निघाला तर काका अस्वस्थ झाले. मी म्हटलं, तेव्हा तुमचं घड्याळ मागे पडलं असेल. ते म्हणाले, तसं लिहा मग.

रजिस्टरात शेवटचा रकाना होता शेऱ्याचा. पहिल्या पानांवर ‘आवाज नॉर्मल’, ‘गळती नाही’ असंच. मग एक गुरुवार आला. ‘आवाज नॉर्मल. निखिलचा वाढदिवस. फाट्यावर हॉर्न तीनदा वाजवला.’ काका ते सलग, त्याच सुरात वाचून गेले. माझी लेखणी अडली. पुढे एके ठिकाणी, ‘हवा बरोबर. फोन नाही, तीन आठवडे.’ आणखी पुढे, ‘पावसामुळे रन रद्द. शेजारच्या सीटखाली निखिलचा चष्म्याचा डबा सापडला, तिथेच ठेवला.’

मी म्हटलं, काका, हे शेरे नको लिहू या. यांना काय करायचंय?

“लिहा, ताई. अर्धा शेरा लिहिला त पुरी नोंद खोटी होते.”

लिहिलं मी. डोळ्यांत पाणी येत होतं आणि रागही येत होता. राग कुणाचा ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. निखिलचा असावा. मुंबईच्या कुठल्या तरी थंड कचेरीत कुणीतरी साहेब इंग्रजीतून वाचणार होता की नागपूरच्या एका म्हाताऱ्याने मुलाच्या वाढदिवसाला रस्त्याच्या कडेला तीनदा हॉर्न वाजवला.

सगळे कागद टायवाल्यामार्फत मुंबईला गेले. तारीख संपायला दोन दिवस असताना त्याचा फोन आला. वॉरंटी मंजूर. तो म्हणाला, मुंबईच्या मॅडमनी स्वतः सही केली आणि विचारलंय की आजोबा आता तरी तार काढणं थांबवतील का. मी तशीच पदर खोचून शेजारी धावले. काकांनी दोन्ही हात डोक्यावरून फिरवले आणि माझ्याकडे बघून लहान मुलासारखे हसले. त्यांचं तसं हसणं मी पहिल्यांदाच पाहत होते.

लगेच निखिलला फोन लावला, स्पीकरवर, मला ऐकू यावं म्हणून. निखिल मनापासून खूश झाला. म्हणाला, बाबा, कमाल केली तुम्ही. मग म्हणाला, आता गिऱ्हाईक लगेच मिळेल, ही वॉरंटी नव्या मालकाच्या नावावर होते. काकांनी नुसतं “हं” केलं. तेव्हा तो अडखळत म्हणाला, “बाबा, मागे म्हणालो तेव्हा खरंच ठेवायची होती हो. पण आम्ही इकडे घर बघतोय आता. लहानसंच बघतोय. पुढेमागे परत यायचं झालंच तर विकता यावं असं.”

“बरं,” काका म्हणाले. “जेवला काय?”

फोन ठेवल्यावर मी तोंड सोडलं. असा कसा मुलगा, तीन वर्षं राबवून घेतलं, मीच त्याला फोन करून सांगते दोन शब्द. काकांनी मला हाताने थांबवलं. म्हणाले, तो खोटं नाही बोलला, ताई, त्याचं तिकडे सुरू झालं. बस्स. आणि रजिस्टर उचलून आत गेले.

गिऱ्हाईक खरंच महिनाभरात मिळालं. अकोल्याची एक डॉक्टर बाई, चाळिशीची, केस बारीक कापलेली, बोलण्यात मोकळी. दुपारी आली. कागद झाले, चाव्या दिल्या. काकांनी तिला सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाले की टेस्ट रन घेऊन बघा. ती म्हणाली, “तुम्ही पण चला ना काका, बाजूला बसा.”

काका त्या बाजूला कधी बसलेच नव्हते. त्यांना आत जायला वेळ लागला. गाडी उमरेड रोडकडे वळली आणि पुढच्या क्षणाला असा आवाज झाला की आमच्या गल्लीतले सगळे लोक फाटकाशी आले. तीन वर्षं ती गाडी आमच्या शेजारी होती, पण तिचा खरा आवाज आम्ही त्या दुपारी पहिल्यांदा ऐकला. अडुसष्ट वर्षांचा माणूस, बीपीची गोळी चालू, आणि ती बाई तर अशी निघालेली.

अर्ध्या तासाने दोघं परत आले. डॉक्टर बाई हसत होती. काकांना तिने हात धरून बाहेर काढलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. तिने निरोप घेतला, गाडी कोपऱ्यावरून गेली, तिकडे मात्र ते बघत राहिले नाहीत. ओट्याच्या पायरीवर बसून मी दिलेलं पाणी प्याले.

“मस्त पळते वं, ताई,” ते म्हणाले. “पळाचीच वस्तू होती ते. मी उगाच चाळीसवर धरून ठेवली.”

मी त्यांच्याजवळ पायरीवर बसले. त्यांनी शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं, मोबाईल काढला आणि निखिलला लावला. तिकडे भल्या पहाटेची वेळ असणार, एरवी काका अशा वेळी फोन करत नसत. या वेळी स्पीकर लावला नाही. गाडी गेली एवढं सांगितलं. मग उठून, माझ्याकडे पाठ करून, रिकाम्या शेडकडे तोंड करून उभे राहिले.

“बेटा, ते घर घेऊन राहिला नं तू,” ते म्हणाले, “त मोठं घे. परत याच्या हिशोबानं लहान नको घेऊ.”

पलीकडून निखिल काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही. काका बराच वेळ फोन कानाला लावून ऐकत राहिले, मान हलवत राहिले, आणि मधूनमधून नुसतं “हो, हो” म्हणत राहिले.